हवेवरची गाडी, जमिनीवरचं बिल

जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळणं हा माझा रविवार सकाळचा ठरलेला टाइमपास आहे. घ्यायचं काहीच नसतं, बँक बॅलन्स तोंडपाठ असतो, तरी चहाबरोबर तासभर मजेत जातो. आणि दर रविवारी एक तरी जाहिरात अशी सापडते की चहा गार होतो. युरोपातली मोठ्ठी ऑफ-रोड गाडी, आत चामड्याच्या सीट, वर सनरूफ, नवी असताना पाऊण कोटीच्या आसपासची. आता मागतायत किती? साडेअकरा लाख! म्हणजे आपल्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये ज्या डझनभर कॉम्पॅक्ट एसयूव्ही रांगेत उभ्या असतात, साधारण तेवढ्यालाच. खाली वर्णन: 'सिंगल ओनर, डॉक्टरांनी वापरलेली, फुल्ली लोडेड, एअर सस्पेन्शन.'

बाकीचं वाचा, खूश व्हा, बायकोला नाहीतर रूममेटला दाखवा. पण टोकनचे पैसे द्यायच्या आधी ते शेवटचे दोन शब्द परत एकदा वाचा.

साध्या गाडीचं वजन लोखंडावर तोललेलं असतं. बोलेरोच्या मागच्या बाजूला पाटे असतात, बहुतेक कार्सना कॉइल स्प्रिंग. पाट्याचं एखादं पान मोडलं तर हायवेवर कुठल्याही गावाच्या तोंडाशी कमानपाटेवाला असतोच, तो पान बदलतो, ठोकून कमान भरतो आणि तुम्ही शेजारच्या टपरीवर वडापाव संपवेपर्यंत गाडी तयार. एअर सस्पेन्शनच्या गाडीत ह्या लोखंडाच्या जागी हवा भरलेली रबराची पिशवी असते. मेकॅनिक लोक तिला कोणी फुगा म्हणतात, कोणी बलून, बसवाले बेलो म्हणतात. चार चाकांवर चार. हवा भरायला एक छोटा इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर, कुठल्या फुग्यात किती हवा सोडायची ते ठरवायला व्हॉल्व्ह ब्लॉक, गाडी किती उंचीवर आहे ते सांगायला सेन्सर, आणि ह्या सगळ्यांवर हेडमास्तरसारखा बसलेला कॉम्प्युटर.

फायदे सॉलिड आहेत, त्यात वाद नाही. खड्डा आहे हे डोळ्यांना दिसतं पण पाठीला कळत नाही. हायवेवर गाडी आपणहून थोडी खाली बसते, खडकाळ रस्त्यावर बटण दाबलं की पाच-सहा सेंटीमीटर वर उठते. आणि दार उघडून उतरायचं असेल तेव्हा पुन्हा एक बटण, की गाडी उंटासारखी गुडघे टेकते. ऑफ-रोड गाड्यांमध्ये ही चैन आणली रेंज रोव्हरने, १९९२ च्या एलएसई मॉडेलमध्ये. १९९४ ला आलेल्या तिच्या दुसऱ्या पिढीत फुगे सरसकट आले. २००४ च्या डिस्कव्हरी ३ मध्ये आले. मग मर्सिडीजची जीएल, ऑडीची क्यू ७, पोर्शची कायेन, सगळ्याच ह्या रांगेत उभ्या राहिल्या, काहींत कंपनीकडूनच, काहींत जादा पैसे मोजून.

आपल्याकडे ह्या गाड्या रीतसर शोरूममधून यायला लागल्या त्या २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात. जग्वार लँड रोव्हर कंपनी टाटांनी २००८ च्या जूनमध्ये विकत घेतली आणि २००९ मध्ये मुंबईत तिचं पहिलं शोरूम उघडलं. त्या पहिल्या लाटेत बिल्डर, डॉक्टर, साखर कारखान्यांचे संचालक अशा मंडळींनी घेतलेल्या गाड्या आज दहा ते सोळा वर्षांच्या झाल्यात. आणि फुग्याचं रबर किती टिकतं? साधारण सहा ते दहा वर्षं. ह्यात किलोमीटरचा संबंध कमीच. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं, उन्हाने, धुळीने, हवेतल्या ओझोनने. म्हणजे बघा, ज्या वर्षी ही गाडी तुमच्या-माझ्या बजेटमध्ये येते, साधारण त्याच वर्षी तिचे फुगे निवृत्तीला येतात. किंमत उगाच नाही उतरत, बॉस.

हे सगळं मला कळलं ते माझ्या मावसभावामुळे. दादा पुण्यात आयटीत आहे, वय अडतीस, गाड्यांचं वेड जन्मजात. दोन वर्षांपूर्वी त्याने अशीच एक गाडी घेतली, तेव्हा तेरा वर्षांची होती, साडेअकरा लाखांची. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण सगळ्याच कंपन्यांच्या फुग्यांचं रबर शेवटी रबरच असतं. वहिनीचा विरोध होता. ती फायनान्समध्ये आहे, तिचा विरोध एक्सेल शीटमध्ये असतो. पण दादाकडे एक हुकमाचा पत्ता होता: आई.

आमच्या मावशीचे दोन्ही गुडघे गेलेत. मावशी वर्षातून एकदा शिर्डीला जातेच. आधीच्या सेदानमध्ये बसताना ती खोल विहिरीत उतरल्यासारखी उतरायची आणि निघताना दोघांनी ओढून काढावं लागायचं. उंच एसयूव्हीत चढता यायचं नाही. ही गाडी मात्र बटण दाबलं की तिच्यासाठी खाली यायची. सीट बरोब्बर मावशीच्या कमरेएवढी. पहिल्यांदा बसली तेव्हा म्हणाली, "बाई गं, ही तर मला नमस्कार करतेय." संपलं! एक्सेल शीट बंद.

पहिल्या वर्षी दृष्ट लागावी अशी गाडी चालली. दुसऱ्या वर्षी जानेवारीत आम्ही सगळे शिर्डीला निघालो. नारायणगाव, आळेफाटा, चंदनापुरीचा घाट, संगमनेर, मग लोणी-बाभळेश्वरवरून राहाता. ज्यांनी हा टप्पा उसाच्या सीझनला केलाय त्यांना सांगायला नको. डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर रस्त्याच्या मधून, कडेला मातीचा पट्टा, डांबराची कड मोडलेली. नगर-मनमाड रस्त्याचे खड्डे तर एवढे प्रसिद्ध आहेत की त्यांची दरवर्षी पेपरात वर्णी लागते. मुंबईकरांची मजा आहे, २०२३ च्या मे महिन्यापासून समृद्धी शिर्डीहून भरवीरपर्यंत आला आणि ५ जून २०२५ ला शेवटचा तुकडा उघडून पूर्ण झाला. आम्हा पुणेकरांच्या नशिबी अजून ट्रॉल्याच. पण खरं सांगू? मागच्या सीटवर मला काही जाणवत नव्हतं. मावशी राहात्याचे पेरू खात होती, मीठ-तिखट लावून, आणि तिच्या हातातलं तिखट सांडलंही नाही.

पहाटे साडेचारला काकड आरतीसाठी पार्किंगमध्ये उतरलो तर गाडी डाव्या बाजूने पुढे झुकलेली. नुसती झुकलेली नाही, म्हैस पाण्यात बसावी तशी बसलेली. चाकाचा वरचा भाग मडगार्डच्या आत गायब. दादाने इंजिन चालू केलं. खालून घुर्र घुर्र आवाज सुरू झाला, स्क्रीनवर पिवळी अक्षरं, गाडी इंच-इंच वर यायला लागली. वहिनीने मावशीला रिक्षात बसवलं आणि दोघी आरतीला गेल्या. मी आणि दादा राहिलो, त्या घुरघुरीबरोबर.

शेजारी एक स्लीपर बस उभी होती. तिचे ड्रायव्हर मामा दात घासत आमच्याकडे बघत होते. चूळ भरून आले, वाकले, कान लावला आणि एका वाक्यात निकाल दिला: "बेलो गेलाय."

मग त्यांनी जे केलं ते सर्व्हिस सेंटरवाले लॅपटॉप जोडून करतात. पाण्याच्या बाटलीत शाम्पूचं एक रुपयाचं पाकीट ओतलं, हलवलं, झाकणाला भोक पाडलं आणि चाकाच्या आत फुग्यावर पिचकारी मारली. मोबाइलच्या उजेडात दिसलं. जिथे रबराची घडी पडते तिथे बारीक बारीक चिरा, आणि त्यातल्या एकीतून साबणाचे बुडबुडे, शांतपणे, एकामागून एक. "घडीच्या जागेवरच जातं बघा," मामा म्हणाले. "गाडी वर-खाली झाली की रबर तिथंच दुमडतं. त्यात माती बसली की घासतं. थंडीत रबर कडक होतं, म्हणून रात्रीत बसली." आणि मग मला आवडलेलं वाक्य: "हे आज नाही झालं. आज तुम्हाला दिसलं."

मामांच्या बसलाही हेच फुगे असतात. व्होल्व्होच्या बस २००१ मध्ये भारतात आल्यापासून लांब पल्ल्याच्या आरामबसमध्ये बेलो रुळले. पण बसवाल्यांचा हिशेब वेगळा. टायर, ब्रेक लायनिंग, बेलो, सगळं एकाच वहीत. झिजणार, बदलायचं. बसचा बेलो काही हजारांत मिळतो, कुठल्याही हायवेवर मिळतो, बदलायला स्पेशल कॉम्प्युटर लागत नाही. मामांनी विचारलं, "तुमच्या ह्याला किती पडतात?" दादा गप्प. त्याला माहीतच नव्हतं. मामा हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

गाडी दहा-बारा मिनिटांत वर आली. मामांनी बजावलं, वाटेत इंजिन बंद ठेवून जास्त थांबू नका, पुण्याला पोचलात की पहिलं काम हेच. टोचन लावून न्यायची वेळ आली नाही, आम्ही चालवतच परत आलो. आणि इथे दादाने तेच केलं जे आपण सगळे दातदुखीच्या बाबतीत करतो. रात्री बसते, सकाळी उठते, चाललंय ना? फेब्रुवारी गेला, मार्च गेला.

आता ह्यामागचा फंडा समजून घ्या, कारण बिलाचं मूळ इथेच आहे. फुग्याला बारीक चीर पडली की हवा थोडी थोडी जाते. ती भरून काढायला कॉम्प्रेसर चालतो. हा कॉम्प्रेसर अधूनमधून मिनिटभर चालण्यासाठी बनवलेला असतो, दिवसभर चालण्यासाठी नाही. तो तापतो, त्याची पिस्टन रिंग झिजते, जोर कमी होतो, म्हणून तो अजून जास्त वेळ चालतो. त्याच्यासोबत एक ड्रायर असतो, हवेतलं पाणी शोषणारे दाणे भरलेला. हवा जास्त ओढली गेली की तो ओला होऊन थकतो आणि दमट हवा पुढे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये जाते. कधी कधी रिले चिकटतो, मग कॉम्प्रेसर थांबतच नाही. म्हणजे एका चिरेपासून सुरू झालेलं दुखणं हळूहळू सगळ्या घरात पसरतं. जानेवारीत दादाच्या गाडीला एक फुगा हवा होता. मे महिन्यात, पुण्याच्या चाळीस डिग्रीत, कॉम्प्रेसरने मान टाकली.

मग कागद आले.

पहिला कागद कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा. पुढचे दोन फुगे, प्रत्येकी १,१५,०००. दोन का? एका बाजूचा नवा आणि एका बाजूचा तेरा-चौदा वर्षांचा असं करत नाहीत, जोडीनेच बदलतात, आणि इथे सर्व्हिस सेंटरचं बरोबर आहे. एवढे महाग का? कारण ह्या गाडीत फुगा आणि शॉक ॲब्सॉर्बर एकाच नळीत येतात, फुगा गेला की चांगला असलेला शॉकही जातो. हे मॉडेलवर अवलंबून असतं. नव्वदच्या दशकातल्या त्या दुसऱ्या पिढीच्या रेंज रोव्हरमध्ये फुगा वेगळा, शॉक वेगळा, म्हणून परदेशातले शौकीन घरच्या गॅरेजमध्ये नुसता फुगा बदलतात. डिस्कव्हरी ३ पासून दोन्ही एकत्र. काही मर्सिडीजमध्ये पुढे एकत्र, मागे वेगळे. तर असो. कॉम्प्रेसर ८५,०००. व्हॉल्व्ह ब्लॉक 'बदलून घेतलेला बरा', ३८,०००. मजुरी आणि उंचीचं कॅलिब्रेशन २२,०००. टोटल ३,७५,०००. गाडीच्या किमतीच्या जवळजवळ एक तृतीयांश, आणि मागचे दोन फुगे अजून जुनेच.

इन्शुरन्स? वहिनीने आधीच पॉलिसी वाचून ठेवली होती. साध्या झिजेला मोटार इन्शुरन्स पैसे देत नाही, झीरो डेप असली तरी नाही. झीरो डेप फक्त अपघाताच्या क्लेममध्ये घसारा कापत नाही, एवढंच तिचं काम. जीएसटीची थोडी कृपा झाली होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के लागतो, आधी बऱ्याच पार्ट्सवर २८ होता. पण आयात होऊन येणाऱ्या पार्टचं बिल बघताना ही कृपा शोधावी लागते.

दुसरा कागद एका खासगी गॅरेजचा, जिथे फक्त अशाच गाड्या येतात. तिथले मालक स्वतः खाली झोपून काम करतात. दुसऱ्या कंपनीचे नवे फुगे, जोडी १,२०,०००. कॉम्प्रेसर ४५,०००. ड्रायर, रिले आणि ओ-रिंग मिळून ६,०००. मजुरी १४,०००. व्हॉल्व्ह ब्लॉक? "तपासला, चांगला आहे, कशाला बदलता?" टोटल १,८५,०००. सर्व्हिस सेंटरच्या निम्म्याहून कमी. ह्या मालकांनी अजून एक गोष्ट सांगितली. बऱ्याच गाड्यांमध्ये फुगा ठीक असतो, नळी जिथे जोडली जाते तिथली ओ-रिंग गेलेली असते, काही रुपयांची वस्तू. म्हणून आधी साबणाचं पाणी, मग पाकीट. जुनेच फुगे उघडून त्यांना नुसतं नवं रबर चढवून देणारेही आहेत, पण आतला शॉक तोच राहतो, आणि ज्या कारागिराने चढवलं त्याच्या हातावर सगळं अवलंबून. दादा तिथे गेला नाही.

तिसरा कागद ऐकून दादाने तोंड वाकडं केलं. फुगेच काढून टाका, चारही चाकांना कॉइल स्प्रिंग आणि नवे शॉक बसवा. बाहेरून तयार किट येतं, सोबत एक छोटा डबा येतो जो कॉम्प्युटरला गप्प बसवतो, नाहीतर स्क्रीनवर पिवळी दिवाळी चालूच राहते. १,१०,००० किट, १५,००० मजुरी. सव्वा लाख. चारही चाकांचा प्रश्न मिटला. त्यानंतर पुढे कधी कॉइल मोडलीच तरी ती काही हजारांची गोष्ट. लांबच्या प्रवासाला निघणारे कित्येक ऑफ-रोडवाले मुद्दाम कॉइलवरच्या गाड्या शोधतात. पजेरो एसएफएक्सवाले आजही गाडी विकायला तयार नसतात, त्यामागे हेही एक कारण आहे. पुढे टॉर्शन बार, मागे कॉइल, हवेचा संबंध फक्त टायरमध्ये.

पण मग गाडी वाकणार नाही. वरही उठणार नाही, खालीही बसणार नाही. मावशीचं काय?

दादाचं म्हणणं ठाम होतं. "गाडी घेतलीच आईसाठी. तेच काढून टाकायचं तर ठेवायची कशाला?" मला ते पटलं होतं, अगदी मनापासून. तो खासगी गॅरेजला १,८५,००० चा होकार कळवणार होता. आणि मग वहिनीने जेवणाच्या टेबलावर, पोळी वाढता वाढता, एक आकडा टाकला.

"दोन वर्षांपूर्वी आईंच्या एका गुडघ्याचा अंदाज काढला होता. पावणेतीन लाख. ऑफिसच्या मेडिक्लेममधून अर्धे निघतात."

टेबलावर शांतता. पावणेतीनचे अर्धे म्हणजे एक लाख साडेसदतीस हजार. फुग्यांच्या बिलापेक्षा कमी! आम्ही सगळे गाडीला वाकवण्याचे पैसे गोळा करत होतो, आणि जे वाकत नाहीत ते गुडघे समोर पोळी खात बसले होते. (गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर सरकारने २०१७ च्या ऑगस्टमध्ये मर्यादा घातली, म्हणून निदान तेवढा आकडा आटोक्यात राहिला. फुग्यांच्या किमतींवर कोणी मर्यादा घालेल अशी आशा ठेवू नका.)

वहिनीची शीट मग सगळ्यांनी बघितली. त्यात गाडीचं वयही होतं. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं. दादाच्या गाडीला तेव्हा तेरा पूर्ण होऊन चौदावं सरत आलेलं. मग फिटनेस, पर्यावरण कर, पुढच्या पाच वर्षांचं नवं रजिस्ट्रेशन. त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून साध्या कारला ६०० ची ५,००० झाली. म्हणजे पुढचे दोन फुगे नवे केले, तरी नव्या रजिस्ट्रेशनच्या सुमाराला मागचे दोन दारात उभे, आणखी लाखभर घेऊन. शीटमध्ये ती ओळ लाल होती.

आणि मावशी? तिला कोणी विचारलंच नव्हतं. तिला विचारलं तर तिने विचारलं, "रिक्षात मी कशी बसते? रिक्षा कुठं वाकते?" आणि ऑपरेशनचं? "बघू." मावशीच्या 'बघू'चा अर्थ गेली सहा वर्षं आम्ही शोधतोय.

शेवटी गाडीला कॉइल बसल्या. बसवण्याआधी इन्शुरन्स कंपनीला मेल करून कळवलं, हे वहिनीचं काम. पुढे क्लेमच्या वेळी 'गाडीत बदल केला होता' असं कोणी म्हणायला नको. आता गाडी जरा टणक चालते. लोणी-बाभळेश्वरच्या पट्ट्यात रस्ता पाठीला कळतो. दादा आठवडाभर घटस्फोट झाल्यासारखा चेहरा करून हिंडत होता. मावशीसाठी साडेतीनशे रुपयांचं एक भक्कम प्लास्टिकचं स्टूल डिकीत असतं. बाकीचे पैसे वहिनीने वेगळ्या एफडीत ठेवलेत, त्या एफडीला तिने नाव दिलंय 'डावा गुडघा'. ऑर्थोपेडिकची अपॉइंटमेंट दोनदा पुढे गेली, तिसरी ह्या महिन्यात आहे.

मला विचाराल तर कॉइल सगळ्यांसाठी नाहीत. ज्यांना खरंच दगडधोंड्यांत गाडी घालायचीय, नदीपात्रातून न्यायचीय, त्यांना ती वर उठणारी उंची लागते. त्यांनी फुगे ठेवावेत, चिखलातून आल्यावर घड्यांमधली माती साध्या पाण्याने धुवावी आणि बसवाल्या मामांसारखी एक वही ठेवावी, दर सहा-सात वर्षांनी चार फुगे धरून. ज्यांची गाडी आठवड्याला हिंजवडी आणि महिन्याला महाबळेश्वर एवढीच फिरते, त्यांनी तिसरा कागद वाचताना तोंड वाकडं करू नये. मी जे आकडे दिलेत ते एका गाडीचे, एका उन्हाळ्याचे आहेत. तुमच्या मॉडेलचे वेगळे असतील, म्हणून गाडी बघायला जायच्या आधीच एका फुग्याची किंमत फोनवर विचारून घ्या. दोन ठिकाणी विचारा.

आणि गाडी बघायला जाल तेव्हा सोबत शिंप्याची टेप न्या. संध्याकाळी गाडी सपाट जागेवर उभी करायला सांगा, इंजिन बंद. चाकाच्या मधल्या बिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंना मोजा, लिहून ठेवा. चावी विकणाऱ्याकडेच राहू दे. सकाळी परत जाऊन मोजा. चारही आकडे जवळपास तेच असतील तर पुढे बोला. एखादा कोपरा तीन-चार सेंटीमीटर उतरला असेल तर त्या कोपऱ्याची किंमत आता तुम्हाला माहीत आहे. इंजिन चालू करून गाडी सगळ्यात खालून सगळ्यात वर जायला किती वेळ घेते तेही घड्याळ लावून बघा, आणि कॉम्प्रेसर वर पोचल्यावर गप्प होतो का ते ऐका. मात्र जॅक आणि स्टँड लावल्याशिवाय अशा गाडीखाली डोकं घालू नका, फुग्यातली हवा कधी जाईल ते सांगून जात नाही.

विकणारा म्हणाला की रात्रभर थांबायला वेळ नाही, आत्ताच दुसरी पार्टी येतेय, तर येऊ द्या पार्टीला.